शत्रूच्या लेकरांसाठी पसरलेली झोळी : एग्लंटाइन जेब

मुलांच्या हक्कांसंबंधी जगातील जवळजवळ सर्व राष्ट्रांनी मान्य केलेला जो करार आज अस्तित्वात आहे, त्याचा आरंभ अवघ्या पाच कलमांच्या एका कागदातून झाला. तो कागद लिहिणारी व्यक्ती कोणत्याही देशाची मंत्री नव्हती, न्यायाधीश नव्हती, धर्मगुरूही नव्हती. ती एक अविवाहित, सतत आजारी असणारी इंग्रज स्त्री होती. आणि नवलाची गोष्ट अशी की, लहान मुलांच्या सहवासाची तिला स्वतःला फारशी ओढ नव्हती. तिचे नाव एग्लंटाइन जेब.

या मासिकात चरित्रे येतात ती बहुधा सहाबा-ए-किराम, इमाम आणि औलिया यांची. एका ख्रिस्ती स्त्रीचे चरित्र येथे कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यांनी हिल्फुल फुजूलची आठवण करावी. नबुव्वत मिळण्यापूर्वी मक्केत अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही माणसे जमली आणि ज्याच्यावर अन्याय होईल, तो कोणीही असो, त्याच्या बाजूने उभे राहण्याचा त्यांनी करार केला. प्रेषित मुहम्मद (स.) त्या करारात सहभागी होते आणि नबुव्वत मिळाल्यानंतरही त्यांनी त्याची थोरवी कमी लेखली नाही. चांगुलपणाच्या करारावर सही करणाऱ्याचा धर्म कोणता, हा प्रश्न तेथे आड आला नव्हता.

एग्लंटाइनचा जन्म २५ ऑगस्ट १८७६ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या सीमेजवळच्या एल्समीर गावी झाला. वडील आर्थर जेब हे बॅरिस्टर आणि जमीनदार. घर सुखवस्तू, पुस्तकांनी भरलेले, भावंडे सहा. आईचे नावही एग्लंटाइनच. खेड्यांतील गरिबांना हस्तकला शिकविणारी एक संघटना या माउलीने १८८४ मध्ये उभी केली होती. म्हणजे दुसऱ्यांच्या कामी पडण्याचा संस्कार घरातच होता. परंतु मुलींना विद्यापीठात पाठविण्याचा संस्कार त्या काळच्या इंग्रज घरांतही सहजासहजी नव्हता. तेथे एका आत्याचा हट्ट उपयोगी पडला. १८९५ मध्ये एग्लंटाइन ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलमध्ये इतिहास शिकण्यास गेली. पुढच्याच वर्षी तिचा शाळकरी वयाचा भाऊ गॅमल वारला. हा घाव तिने फार काळ उरात बाळगला.

शिक्षण संपल्यावर तिने गरिबांच्या मुलांना शिकविण्याचे ठरविले. शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले आणि मार्लबरो येथील एका प्राथमिक शाळेत नोकरी धरली. तेथे तिला लवकरच कळून चुकले की हे आपले काम नव्हे. वर्ग सांभाळता येत नसे, मुलांचा गोंगाट सहन होत नसे, प्रकृती ढासळत असे. साधारण वर्षभरातच तिने ती नोकरी सोडली. मुले तिला आवडत नसत, हे तिने स्वतः कधी लपविले नाही.

तिचे चरित्र लिहिणारे हा भाग हसून सोडून देतात. मला मात्र सगळ्या आयुष्याची किल्ली येथेच सापडते असे वाटते. आपण दुसऱ्याच्या मुलाला मदत करतो ती बहुधा माया दाटून आल्यामुळे. माया ही अल्लाहची देणगी आहे. पण ती जवळच्यावर अधिक असते, दूरच्यावर कमी, आणि शत्रूच्या लेकरापर्यंत पोहोचता पोहोचता बहुधा आटून जाते. ज्या स्त्रीला मुलांविषयी मायेचा उमाळा फारसा येत नव्हता, तिला मदतीचा पाया दुसरीकडे शोधावा लागला. तो तिला हक्काच्या कल्पनेत सापडला. मराठीत आपण सहज वापरतो तो हा ‘हक्क’ शब्द मुळात अरबीच आहे, आणि पवित्र कुरआनात तो नेमक्या याच अर्थाने आलेला आहे: संपन्न माणसाच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असतो. देणारा देतो तेव्हा तो उपकार करीत नाही, ज्याचे त्याला पोहोचवितो. जेबबाई याच निष्कर्षावर आल्या, पण फार वेगळ्या वाटेने आणि बरीच ठोकर खाऊन.

ती वाट केंब्रिजमधून गेली. वडिलांच्या निधनानंतर आईसह त्या तेथे राहत होत्या. गावातील वेगवेगळ्या धर्मादाय संस्थांच्या मदतीत मेळ घालणाऱ्या एका मंडळासाठी त्यांनी काम सुरू केले. अशा कामात माणूस लवकरच ओळखतो की दानशूरांची संख्या पुष्कळ असली तरी कोणाला काय मिळाले याचा हिशेब कोणाकडेच नसतो. एकाच दारी तीन ठिकाणांहून मदत येते आणि शेजारच्या दारी एकही फिरकत नाही. जेबबाईंनी केंब्रिजच्या वस्त्या, घरे, मजुरी, शाळा, दारूचे गुत्ते यांची पद्धतशीर पाहणी केली आणि १९०६ मध्ये त्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. शाळा सोडून निरोप्याची किंवा हमालाची किरकोळ कामे करीत आयुष्य वाया घालविणाऱ्या मुलांना हुन्नर शिकता येईल अशा ठिकाणी लावून देण्यासाठी एक नोंदणी कार्यालयही त्यांच्या खटपटीने निघाले. पुढे जगभर गाजलेल्या कामाची ही रंगीत तालीम म्हटली पाहिजे. दानाच्या आधी चौकशी, दानासोबत नोंद, दानानंतर हिशेब ही शिस्त त्यांनी या लहानशा गावात अंगी बाणविली.

१९१२ च्या ऑक्टोबरात बाल्कन युद्ध पेटले. सर्बिया, बल्गेरिया, ग्रीस आणि माँटेनेग्रो यांनी मिळून उस्मानी सल्तनतीवर चढाई केली आणि काही आठवड्यांत मकदूनियाचा बहुतेक मुलूख तुर्कांच्या हातून गेला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हे युद्ध चांगले ठाऊक होते. हिंदुस्थानातील मुसलमानांनी तेव्हा वर्गणी गोळा केली होती, आणि डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक वैद्यकीय पथक जखमी तुर्क सैनिकांच्या सेवेसाठी रवाना झाले होते. त्याच युद्धाच्या राखेत १९१३ च्या आरंभी जेबबाई इंग्लंडमधून निघालेल्या एका मदतनिधीच्या वतीने मकदूनियात पोहोचल्या. त्यांच्या मेहुण्यांची आणि त्यांच्या मित्रमंडळींची सहानुभूती बाल्कनमधील ख्रिस्ती राष्ट्रांकडे होती. पण जमिनीवरचे दृश्य एका बाजूचे नव्हते. ज्या प्रदेशात जो विजयी झाला, त्याने दुसऱ्याची गावे जाळली होती. घरे सोडून पळालेल्यांत ख्रिस्ती होते, तसे मुसलमानही मोठ्या संख्येने होते. थंडी, टायफस आणि भूक यांना त्यांतला फरक कळत नव्हता.

परत येऊन त्यांनी निधीसाठी भाषणे केली, लेख लिहिले. पण त्यांच्या मनात एक शंका रुतून बसली. आपण वाटलेले पीठ आणि घोंगड्या काही आठवड्यांत संपतील; युद्ध मात्र पुन्हा होईल आणि पुन्हा हीच रांग लागेल. मग या वाटपाचा अर्थ काय? ही शंका दान करणाऱ्या प्रत्येक विचारी माणसाला कधी ना कधी येते. काही जण ती आली की हात आखडता घेतात. जेबबाईंनी मदत थांबविली नाही. मदतीचे स्वरूप बदलावे लागेल, एवढे मनाशी नोंदवून ठेवले.

त्यांची शंका खरी ठरायला फार काळ लागला नाही. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. जेबबाईंची धाकटी बहीण डॉरथी बक्स्टन ही युद्धकाळात एक विलक्षण उद्योग करीत होती. शत्रुराष्ट्रांतील वृत्तपत्रे मिळवून त्यांतील मजकुराचे भाषांतर ती केंब्रिजच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध करीत असे. एग्लंटाइनही या कामात मदत करू लागल्या. त्या मजकुरातून त्यांना कळले की ब्रिटनच्या आरमाराने घातलेल्या नाकेबंदीमुळे जर्मनी आणि ऑस्ट्रियात मुले उपाशी मरत आहेत. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले, पण तहावर सह्या होईपर्यंत जर्मनीची नाकेबंदी उठविली गेली नाही. लंडनमध्ये विजयाचे उत्सव चालू होते आणि व्हिएन्नात दूध न मिळाल्याने मुलांची हाडे वाकत होती.

नाकेबंदी उठवावी म्हणून एक मंडळ स्थापन झाले आणि दोघी बहिणी त्यात सामील झाल्या. जेबबाईंनी एक पत्रक छापले. त्यावर ऑस्ट्रियातील एका लहानग्याचे छायाचित्र होते: डोके मोठे, शरीर खुरटलेले, पाय काड्यांसारखे. युद्धकाळातील कायद्याप्रमाणे असे पत्रक सरकारी तपासनिसाकडून मंजूर करून घेणे आवश्यक होते. त्यांनी ते केले नव्हते. १९१९ च्या वसंतात ट्रॅफल्गार चौकात पत्रके वाटताना पोलिसांनी त्यांना पकडले. मे महिन्यात खटला उभा राहिला. जेबबाईंनी वकील न घेता स्वतःच बाजू मांडली. कायदा मोडला हे त्यांनी नाकारले नाही. मोडण्यामागचे कारण मात्र न्यायालयासमोर सविस्तर ठेवले, जेणेकरून वृत्तपत्रांना ते छापावेच लागेल. न्यायाधीशांनी ५ पौंडांचा दंड केला. गुन्ह्याच्या मानाने ही शिक्षा नाममात्र होती. खटला संपल्यावर सरकारी पक्षाचे वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन, ज्यांनी त्यांना दोषी ठरविण्यासाठी सगळी बुद्धी खर्च केली होती, त्यांच्याजवळ आले आणि त्यांनी स्वतःच्या खिशातली ५ पौंडांची नोट त्यांच्या हातात ठेवली. जेबबाईंनी त्या रकमेने दंड भरला नाही. मुलांसाठी जो निधी त्या उभारू पाहत होत्या, त्याची पहिली देणगी म्हणून ती जमा केली.

काही दिवसांतच, १९ मे १९१९ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जाहीर सभा झाली आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ जन्मास आला. सभेला गर्दी प्रचंड होती. त्यांतले काही जण या देशद्रोही बायकांवर फेकण्यासाठी सडकी फळे घेऊन आले होते असे सांगतात. ज्या घरांतील मुलगा चार वर्षांच्या युद्धात जर्मन गोळीने मेला होता, त्या घरांतील माणसांपुढे जर्मन मुलांसाठी झोळी पसरायची होती. प्रसंग किती कठीण होता, याची कल्पना करून पाहावी. जेबबाई मोठ्या वक्त्या नव्हत्या. त्यांनी एवढेच मांडले की उपाशी मूल समोर असताना त्याच्या बापाचा देश विचारणे माणसाला शोभत नाही, आणि मुलांना उपासमारीने मरताना पाहत राहणे हे कोणत्याही विजयाचे फळ असू शकत नाही. सभा संपली तेव्हा फळे हातातच राहिली होती आणि देणग्या जमू लागल्या होत्या. पुढे खाणकामगारांच्या संघटनेनेही मोठी रक्कम दिली. म्हणजे हे केवळ श्रीमंतांचे औदार्य नव्हते.

युद्धात मुलांना आणि स्त्रियांना ठार करण्यास प्रेषितांनी (स.) सक्त मनाई केली होती, हे आपल्या प्रत्येक मदरशात शिकविले जाते. सूरह दहरमध्ये तर मिस्कीन आणि यतीम यांच्या जोडीला कैद्यालाही अन्न देणाऱ्यांची प्रशंसा आहे, आणि त्या काळी कैदी म्हणजे रणांगणावर पकडलेला शत्रूच असे. आपल्या बहुतेक फकीहांच्या मते जकात ही गरजू मुसलमानाला द्यावयाची असते. परंतु नफ्ल सदक्याचे दार धर्म विचारून उघडले जात नाही. हे सारे आपल्याला पाठ आहे. उपाशी बालक आपल्या बाजूचे नसते तेव्हा ते आठवते का, एवढाच प्रश्न उरतो.

निधीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचा इतिहास म्हणजे पैसा उभा करण्याच्या कलेचा इतिहास आहे, आणि येथे जेबबाईंची खरी करामत दिसते. तोवर धर्मादाय संस्था ओळखीच्या सज्जनांना पत्रे लिहीत, चर्चमध्ये थाळी फिरवीत. जेबबाईंनी जाहिरातीचे ज्ञान असलेली माणसे पगारावर घेतली, वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, निधीचे स्वतःचे नियतकालिक काढले. एका दात्याने एका विशिष्ट मुलाचा ठरावीक काळ खर्च उचलावा, अशी योजनाही त्या काळी सुरू झाली. आज जगभरच्या संस्था ती वापरतात. यावर टीका झाली. दानाचा पैसा जाहिरातीत आणि पगारात घालविता हे कोणते पुण्य, असे सभ्य लोक विचारू लागले. जेबबाईंचे म्हणणे असे होते की कारखाना चालविण्यास जेवढी अक्कल लागते, त्याहून कमी अक्कल मुलांचे जीव वाचविण्यास पुरेल असे मानणे हा मुलांचाच अपमान आहे. स्वतः त्या मानद चिटणीस होत्या. पगार घेत नव्हत्या. पण दुसऱ्याने तो घेऊ नये असा आग्रह त्यांनी धरला नाही.

या वादात मला त्यांची बाजू पटते, आणि पटण्याचे कारण आपल्याच घरात आहे. जकातीचे जे आठ मसारिफ कुरआनाने सांगितले, त्यांत फकीर आणि मिस्कीन यांच्या लगेच पाठोपाठ जकात गोळा करणारे आणि सांभाळणारे आमिलीन येतात. म्हणजे व्यवस्थेचा खर्च हा दानातून चोरलेला पैसा नव्हे, तो दानाचाच मान्य भाग आहे, अट एवढीच की तो प्रामाणिक आणि बेताचा असावा. आपल्याकडे एखाद्या संस्थेने हिशेबनीस नेमला तर लोकांच्या भुवया उंचावतात आणि हिशेबच ठेवला नाही तर कोणी विचारीत नाही. दानाचा पैसा अमानत आहे. ती दात्याची आहे त्याहून अधिक त्या मुलाची आहे ज्याच्या नावाने ती घेतली गेली. ते मूल हिशेब मागायला येऊ शकत नाही, म्हणून तर तो अधिक काटेकोर हवा.

छायाचित्रांचा प्रश्न मात्र मला इतका सोपा वाटत नाही. उपाशी मुलाचे उघडे शरीर दाखवून पैसा उभा राहतो हे त्या पहिल्या पत्रकाने सिद्ध केले. पण त्या मुलाला लाज असते, मोठेपणी त्याला आठवणी असतात. दान दिल्यावर ते बोलून दाखवून घेणाऱ्याचे मन दुखविणाऱ्याचा सदका वाया जातो, असे आपल्याला बजावले गेले आहे. आणि छायाचित्र हे वर्षानुवर्षे बोलून दाखविणेच आहे. १९१९ मध्ये जगाला त्या भुकेची खबरच नव्हती, म्हणून जेबबाईंचा इलाज समजण्यासारखा होता. आज आपल्या मोबाइलवर रोज अशी चित्रे येतात, त्यांना तीच सबब लागू पडत नाही.

१९१९ च्या अखेरीस जेबबाई रोमला गेल्या. इंग्लंडच्या प्रोटेस्टंट घरातील स्त्रीने पोपच्या दारी जाणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तिच्या स्वतःच्या पंथाचे कँटरबरीचे आर्चबिशप या वादग्रस्त निधीपासून तोवर हातभर दूर राहिले होते. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्यांचे म्हणणे सविस्तर ऐकून घेतले आणि २८ डिसेंबरला, म्हणजे हेरॉद राजाने मारविलेल्या निष्पाप बालकांच्या स्मरणदिनी, जगभरच्या कॅथलिक चर्चांत या कामासाठी वर्गणी गोळा करण्याचा आदेश दिला. मग आर्चबिशपांनाही मागे राहता आले नाही. जानेवारी १९२० मध्ये जिनिव्हा येथे निरनिराळ्या देशांच्या समित्यांचा एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. कालपर्यंत एकमेकांवर तोफा डागणाऱ्या देशांची माणसे त्यात एका मेजाभोवती बसू लागली.

१९२१ मध्ये रशियात व्होल्गा नदीच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. त्या प्रदेशात तातार आणि बाश्कीर मुसलमानांची वस्तीही मोठी आहे. ब्रिटनमध्ये बोल्शेविक राजवटीविषयी तिरस्कार होता. तेथील मुलांना अन्न पाठविणे म्हणजे त्या राजवटीला पोसणे, असे काही वृत्तपत्रे लिहीत होती. दुष्काळ फुगवून सांगितला जात आहे, असाही प्रचार झाला. जेबबाईंच्या निधीने दुष्काळी भागात छायाचित्रकार पाठवून चलच्चित्र तयार करविले आणि ते सभागृहांतून दाखविले. तेव्हा संशय घेणाऱ्यांची तोंडे बरीचशी बंद झाली. सारातोव प्रांतात निधीची स्वयंपाकघरे उघडली आणि ऐन भरात सुमारे ३ लाख मुलांना त्यांतून अन्न मिळत होते. अमेरिकेच्या मदत संघटनेचे काम याच्या कितीतरी पट मोठे होते, हे येथे सांगितले पाहिजे. पण तिच्यामागे एका संपन्न सरकारचा पैसा होता, आणि येथे होते ते बव्हंशी सामान्य माणसांनी दिलेले शिलिंग आणि पेन्स.

घरची मुले उपाशी असताना परक्यांना का द्यावे, हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट. तो अगदीच पोकळही नव्हता, कारण ब्रिटनमध्ये बेकारी वाढत होती. निधीने पुढे ब्रिटनमधील खाणवस्त्यांतील मुलांनाही मदत केली. जवळच्याचा हक्क आधी, हे आपणही मानतो. पण जवळच्याचे नाव पुढे करणारा पुष्कळदा जवळच्यालाही देत नाही, हा अनुभव लंडनइतकाच आपल्या मोहल्ल्यांतलाही आहे.

रशियातील दुष्काळ ओसरू लागला तशी देणग्यांची लाटही ओसरू लागली. संकट संपले की दाते आपापल्या कामाला लागतात. मुले मात्र जन्मत राहतात. मकदूनियात रुतलेली जुनी शंका आता पुन्हा वर आली. निधी गोळा करीत राहणे पुरेसे नव्हते. मुलाचे जगणे दात्याच्या लहरीवर अवलंबून राहणार नाही असे काहीतरी लिहून ठेवायला हवे होते. जिनिव्हाजवळ सालेव्ह नावाचा डोंगर आहे. त्यावर एका सुटीच्या दिवशी एकांतात बसून जेबबाईंनी तो मसुदा केला, असे सांगितले जाते. १९२३ मध्ये त्यांच्या संघाने तो स्वीकारला.

त्यातला आशय थोडक्यात असा. मुलाच्या शरीराच्या आणि आत्म्याच्या वाढीला लागणारी साधने त्याला मिळाली पाहिजेत. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा, मागे पडलेल्याला हात, वाट चुकलेल्याला परतीची संधी, यतीम आणि निराधाराला आसरा मिळाला पाहिजे. संकटाच्या वेळी मदतीचा पहिला मान मुलाचा. त्याला पोट भरण्याचा हुन्नर मिळावा आणि कोणी त्याची पिळवणूक करू नये. आणि शेवटचे कलम, ज्याकडे लोकांचे कमी लक्ष जाते: आपल्या अंगचे गुण इतर माणसांच्या सेवेत लावायचे आहेत, या जाणिवेत मुलाला वाढवावे. म्हणजे हे मूल केवळ घेणारे नाही. उद्याचे देणारेही आहे. वंश, राष्ट्र, पंथ यांचा विचार न करता हे सारे मुलाला देणे ही मानवजातीवरची जबाबदारी आहे, असे त्या कागदाच्या सुरुवातीलाच म्हटले होते. २६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघाने हा जाहीरनामा मान्य केला. राष्ट्रांच्या संघटनेने मुलांच्या हक्कांना नाव देऊन मान्यता दिली, ती प्रथम या दिवशी.

या जाहीरनाम्याला कायद्याची ताकद नव्हती. तो मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती. मुलाचे स्वतःचे म्हणणे काय, हा विचारही त्यात नव्हता. त्यात सारी कर्तव्ये मोठ्यांची आहेत. जेबबाईंच्या पिढीला त्यापुढचे दिसले नाही, आणि दुसरे महायुद्ध आले तेव्हा हा कागद मुलांना वाचवूही शकला नाही.

ते युद्ध पाहायला त्या उरल्या नव्हत्या. गळ्याच्या ग्रंथीचा आजार त्यांना अनेक वर्षे जडलेला होता. केस अकाली पांढरे झाले होते. प्रवास, परिषदा, पत्रव्यवहार मात्र थांबला नव्हता. शस्त्रक्रिया झाल्या, पण गुण आला नाही. १७ डिसेंबर १९२८ रोजी जिनिव्हा येथे, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. अखेरच्या काळात त्यांचे लक्ष युरोपच्या बाहेर, आशिया आणि आफ्रिकेतील मुलांकडे वळले होते. आफ्रिकेच्या मुलांविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद १९३१ मध्ये जिनिव्हात भरली, ती त्यांच्या माघारी.

त्यांच्या पाच कलमांची पुढे १९५९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी दहा तत्त्वे केली आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजी ५४ कलमांचा करार केला. आता तो केवळ सदिच्छेचा कागद राहिला नाही. रीतसर मंजुरी देणारे राष्ट्र त्याला बांधील असते. भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. त्या कराराचे विसावे कलम आई-बापांच्या छत्राला मुकलेल्या मुलांविषयी आहे. अशा मुलाची पर्यायी व्यवस्था कोणकोणत्या मार्गांनी करावी हे सांगताना त्यात एक शब्द आपल्या फिकहमधून उचललेला आहे: कफाला. यतीम मुलाला घरात घ्यावे, पोटच्या मुलासारखे वाढवावे, शिकवावे, पण त्याच्या बापाचे नाव पुसू नये, त्याची वंशओळख हिरावू नये. वारसाहक्क आपोआप मिळत नसला तरी मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत त्याच्यासाठी वसीयत करता यावी, अशी ती व्यवस्था आहे. मुस्लिम देशांच्या प्रतिनिधींनी आग्रह धरला आणि बाकीच्यांनी तो मानला. कलमातला क्रम असा आहे: आधी दुसऱ्या कुटुंबात तात्पुरते संगोपन, मग कफाला, मग दत्तक, आणि संस्थेत ठेवणे सर्वांत शेवटी, तेही आवश्यक असेल तरच.